माळा उपसताना: कोणती भांडी ठेवायची, कोणती काढायची

‘वर्षभरात वापरलं नाही ते काढून टाका’ हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला, त्याच्या घरी गणपती बसत नसणार. मोदकपात्र वर्षातून एकदाच निघतं, चकलीचा सोऱ्या दिवाळीत, गौरीचे मुखवटे तीन दिवस. म्हणून ते टाकायचे? उलट रोज गॅसवर चढणारा, लेप खरवडून निघालेला नॉनस्टिक तवा आजच्या आज जायला हवा. आपल्या घरातलं सामान पंचांगावर चालतं. वस्तू हातात घ्या आणि ती कोणत्या सणाला किंवा कोणत्या कामाला लागते, कोण वापरतं, ते सांगा. झटकन सांगता आलं तर ठेवा. ‘लागेल कधीतरी’ हे उत्तर धरायचं नाही.

दुसरा वाईट सल्ला म्हणजे सगळं एकदम खाली काढा. दोन खोल्यांच्या घरात तसं केलं तर रात्री अंथरूण घालायला जागा उरत नाही, आणि मग जे खाली आलं तेच वैतागून परत वर जातं. अर्धा माळा एका रविवारी, उरलेला पुढच्या.

सोपं आधी उरका. बिनझाकणाचे डबे, बिनडब्यांची झाकणं, श्रीखंडाचे प्लास्टिकचे डबे: बाहेर. रबर-शिट्टी मिळेनाशी झालेला कुकर: बाहेर. जुने चार्जर आणि वायरी ई-कचऱ्यात. सुती साड्या गोधडीसाठी, बाकीचे कपडे बोहारणीला. पण जुनी जरीची साडी तिला देऊ नका, खऱ्या जरीत चांदी असते, ती आधी जरी विकत घेणाऱ्याला दाखवा. कागदपत्रांना त्या दिवशी हातच लावू नका. खरेदीखत आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट रद्दीत जायला धुळीचे हात आणि दमलेलं डोकं पुरतं.

पंगतीची ताटं-वाट्या मोजा. घरात एका वेळी जास्तीत जास्त किती माणसं बसून जेवतात, तेवढीच ठेवा. त्याहून मोठं कार्य असलं की हल्ली केटरर ताटांसकट येतो.

आता खरी अडचण: पितळेची, तांब्याची, नाव घातलेली भांडी. घंगाळ, हंडे, पराती, सतेली. काठावर लग्नाची तारीख आणि ‘मामांकडून’ असं कोरलेलं असतं, आणि ते वाचलं की हात थांबतो. मी इथे अनेक घरं अडकलेली पाहिली आहेत. माझंही घर त्यातलंच.

पहिली गोष्ट, एकट्याने ठरवू नका. घंगाळ मोडीत गेल्याचं वर्षभराने कळल्यावर बहिणी-बहिणींचं बोलणं बंद होतं, तेही त्या घंगाळाची आठवण आधी कुणालाच नसताना. प्रत्येक भांड्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाका आणि न्यायची शेवटची तारीख लिहा. ‘अगं, आईचं आहे, टाकू नकोस’ असं कोणी म्हटलं की उत्तर एकच: ‘नाही टाकत, तू घेऊन जा.’ भावना त्यांची आणि माळा तुमचा, ही वाटणी मान्य करू नका.

मग स्वतःला विचारा, याला कल्हई करून आणणार का? पितळेच्या, तांब्याच्या पातेल्यात कल्हईशिवाय आमटी, ताक, चिंचेचं काही करायचं नाही. आंबटाने धातू अन्नात उतरतो. आणि कल्हई वापरात झिजते, ती पुन्हा करावी लागते. पुण्यात कसब्यातली तांबट आळी आहे, पण तिथवर पातेलं घेऊन जाणार कोण, त्याचं नाव ठरवा. नाव निघत नसेल तर ते पातेलं स्वयंपाकाचं नाही. साध्या पाण्याचा तांब्याचा हंडा मात्र बिनकल्हईचा चालतो, तो खुशाल वापरा.

‘शोभेला ठेवू’ ही सगळ्यात फसवी पळवाट. ‘हे तर केळकर संग्रहालयात शोभेल’ म्हणणारे पाहुणे पितांबरी घेऊन घासायला येत नाहीत. दर्शनी जागी, दर महिन्याला हात फिरेल असं एकच भांडं ठेवा. बंबात मनीप्लँट लावायचा असेल तर लावा, पण याच आठवड्यात.

काशाची वाटी ठेवाच. जागा खात नाही आणि तळपायाला तूप चोळायला तिच्यासारखं काही नाही. मात्र ती आपटू नका, कासं ठिसूळ असतं.

जे जायचं ठरलं ते विकताना घाई नको. आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. लोखंडी कड्या काढून घरीच वजन करा आणि दोन दुकानांत मोडीचा भाव विचारा. तांब्याला पितळेपेक्षा जास्त भाव मिळतो, म्हणून दोन्ही वेगवेगळं तोलायला लावा. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, पातेलीही निराळी. घडणावळ सुरेख असेल तर मोडीआधी पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात दाखवा, तिथे वजनापेक्षा नगाला किंमत येते. दारावर येऊन जड पितळेच्या बदल्यात पत्र्यासारखं पातळ स्टील देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

जातं आणि पाटा-वरवंटा सहसा कोणी विकत घेत नाही, आणि फुकट न्यायलाही दोन धडधाकट माणसं लागतात. गावी घर किंवा शेत असलेल्या ओळखीच्यांना विचारा, आणि त्यांची गाडी खाली येऊन उभी राहिली की मगच ते हलवा. आधी काढून जिन्यात ठेवलेलं जातं पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच असतं, आणि सोसायटीची नोटीस तेवढी येते.