मोबाईल, लॅपटॉप, किंडल : वाचताना डोळे कसे सांभाळायचे

रात्री लाईट बंद करून मोबाईलवर वाचायची सवय असेल तर आधी ती सोडा, म्हणजे वाचन नाही हो, अंधार. खोलीत एखादा दिवा चालू ठेवायचा आणि ब्राइटनेस असा ठेवायचा की स्क्रीन शेजारच्या कागदाइतकीच उजळ दिसेल. ओलेड स्क्रीनवाल्या (जिचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) बऱ्याच फोनमध्ये ब्राइटनेस खूप कमी केला की स्क्रीन भराभर चालू-बंद होत असते, ते दिसत नाही पण काही जणांचं डोकं दुखतं, तेव्हा सेटिंगमध्ये डीसी डिमिंग किंवा फ्लिकर (म्हणजे हीच उघडझाप) कमी करायचा ऑप्शन आहे का बघा, नसेल तर ब्राइटनेस थोडा वर ठेवा.

किंडलसारख्या ई-बुक वाचायच्या यंत्रांतल्या ई-इंक स्क्रीनचं वेगळंच, ती कागदासारखी बाहेरच्या उजेडावर दिसते, त्यामुळे गॅलरीत भर उन्हातही मस्त वाचता येतं. पण पानं सावकाश पलटतात, आणि आकृत्यांची मोठी पीडीएफ असेल तर टॅबच बरा.

लॅपटॉप हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या जरा खाली. फॉन्ट बिनधास्त मोठा करा, त्यात कसली लाज!

स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या मिटायलाच विसरतो, डोळे कोरडे पडतात ते त्यानेच. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फूट लांब बघायचं. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर मी तरी पैसे घालणार नाही, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थल्मॉलॉजी ही डोळ्यांच्या डॉक्टरांची संघटनाही तो घ्या म्हणत नाही. एवढं करूनही डोकं दुखत असेल तर नंबर तपासून घ्या.