दर वर्षी नवं मखर कशाला? वर्षानुवर्षं चालेल अशी सणांची सजावट कशी निवडावी

गणपतीच्या आधीचा रविवार बाजारात घालवायचा, पिशव्या भरभरून सामान आणायचं आणि विसर्जनानंतर त्यातलं निम्मं कचऱ्याच्या गाडीत द्यायचं, हा क्रम बऱ्याच घरांत ठरून गेला आहे. उरलेलं निम्मं माळ्यावर जातं आणि दिवाळीत "अरे, हे होतं का आपल्याकडे?" म्हणत चेपलेल्या अवस्थेत खाली येतं.

यावरचा उपाय कोकणात आणि गोव्यात फार पूर्वीपासून आहे. गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट, सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात, गोव्यात माटोळी. चौकट घरात पिढ्यान्‌पिढ्या तीच असते. तिला बांधायचे नारळ, सुपारीची शिपटी, कवंडळं, तोरिंजन, रानातली फळं-फुलं मात्र त्या त्या वर्षीची, ताजी. सांगाडा कायमचा आणि साज नवा, हेच सूत्र शहरातल्या वन बीएचकेलाही लागू पडतं. खरेदीला निघताना प्रत्येक वस्तूबद्दल ठरवा, ही सांगाड्यातली की साजातली? सांगाड्यावर पैसे खर्च करा. साज फुलांचा, पानांचा, कागदाचा असू द्या. नकली झेंडूच्या माळा या दोन्हींत बसत नाहीत. त्या काही वर्षांत विटतात, धूळ धरतात आणि शेवटी कचऱ्यातच जातात. माझ्या मते त्या घ्यायच्याच नाहीत.

१. आधी माळा रिकामा करा

सगळ्या पिशव्या खाली उतरवा. प्रत्येक वस्तू एकाहून जास्त सणांना चालते का, ते पाहा. चैत्रगौरीच्या आरासीच्या पायऱ्या नवरात्रात चालतात, गौरींसमोर फराळ मांडायलाही चालतात. अशी वस्तू सोन्यासारखी जपा. २०२३ साली केलेला चांद्रयानाचा देखावा तेव्हा छान दिसला असेल, पण आता तो नुसती जागा अडवतो. कुठल्या तरी वर्षाचा शिक्का बसलेली वस्तू दुसऱ्या वर्षी जुनी दिसते, म्हणून कायमच्या सामानात विषय नको, रंग हवेत. कुंकवाचा लाल, हळदीचा पिवळा, मोतिया आणि पितळेचा हे रंग पाडव्यापासून मार्गशीर्षातल्या गुरुवारापर्यंत कुठेही खपून जातात.

२. मापं घ्या

मूर्तीची उंची एकदा ठरवून टाका आणि दर वर्षी तेवढीच आणा. नाहीतर मखर पुन्हा वापरण्याच्या गोष्टी बोलण्यातच राहतील. मूर्ती एक फुटाची असेल तर मखराची आतली उंची निदान पावणेदोन फूट आणि दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा हवी. हार घालताना हात आत जायला हवा. चौरंगाचं माप लिहून ठेवा. आणखी एक माप हमखास विसरलं जातं, ते म्हणजे मखराची घडी झाल्यावर ते जिथे राहणार त्या जागेचं. पलंगाखाली किंवा माळ्याच्या दारातून जात नसेल, तर ते कितीही सुंदर असलं तरी आणू नका.

३. मखराचं साहित्य पारखून घ्या

थर्माकोलचा विषय कायद्यानेच संपवला आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. त्याच्या जागी अनेकजण सनबोर्ड आणतात, पण तेही प्लॅस्टिकच.

लेझरने कोरलेली एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांची मखरं दिसायला रेखीव असतात. मात्र ओल लागली की त्यांच्या कडा फुगतात, आणि गणपती येतात ते पावसाळ्यातच. एमडीएफचंच घ्यायचं असेल तर कडांना आणि मागच्या बाजूलाही रंगाचा किंवा व्हार्निशचा हात मारून घ्या. प्लायवूड घ्यायचं तर आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे मरीन प्लाय. साध्या प्लायपेक्षा ते ओलीला जास्त टिकतं. सागवान उत्तम, पण महाग आणि जड. माझी पसंती लोखंडी नळ्यांच्या, पावडर कोटिंग केलेल्या, सुट्या होणाऱ्या चौकटीला. तिच्यावर या वर्षी कापड सोडा, पुढच्या वर्षी केळीचे खुंट बांधा, नवरात्रात नुसत्या झेंडूच्या माळा. दोन-चार नटबोल्ट जादा घेऊन चौकटीलाच पिशवीत बांधून ठेवा.

४. कापड, पितळ आणि कंदील

मागच्या पडद्यासाठी एक मोतिया सुती कापड आणि एक गडद रंगाचं, एवढं पुरतं. काठाला खणाची पट्टी शिवून घ्या. घरातली जुनी जरीकाठी साडी असेल तर विकतचा पडदा शोधायचीही गरज नाही. फक्त तिला टाचण्या टोचू नका, दमट हवेत गंजाचे डाग पडतात. कपड्यांचे चिमटे किंवा वेल्क्रो वापरा. नायलॉनची जाळी मात्र टाळा. ठिणगी लागली तर ती वितळून ठिबकते. कापड कुठलंही असो, समई आणि निरांजन पडद्यापासून हातभर लांबच हवीत.

समई, लामणदिवा, घंटा या वस्तू दर वर्षी एकेक करून घ्या. पितळ वजनावर मिळतं आणि उद्या मोडीत दिलं तरी काही पैसे परत येतात. पोकळ, पातळ पत्र्याच्या शोभेच्या समया घेऊ नका, तेल भरलं की त्या डुगडुगतात.

आकाशकंदिलाचं गणित माटवीसारखंच आहे. बांबूच्या कामट्यांचा पक्का सांगाडा एकदा बांधा किंवा विकत घ्या आणि दर दिवाळीत त्यावर घोटीव कागद नवा चिकटवा. खळीने चिकटवलेला कागद पुढच्या वर्षी ओल्या फडक्याने सहज सुटतो, फेविकॉलचा खरवडावा लागतो. मुलांना हे काम द्या, तासाभराची शांतता मिळते. आत ४० वॉटचा जुना बल्ब लावला तर कागद करपतो. ५ वॉटचा एलईडी पुरे.

दिव्यांच्या माळा घेताना खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन लिहिलेलं पाहा. हा पिवळसर उजेड पितळेवर खुलतो. बाल्कनीसाठी आयपी ४४ (म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारी) किंवा त्याहून वरची माळ घ्या आणि अडॅप्टर सुटा होणारा असू द्या, म्हणजे तो बिघडला तर अख्खी माळ फेकावी लागत नाही.

५. आवरून ठेवण्याची खरी वेळ ओळखा

टिकाऊ सजावट वापरताना सहसा बिघडत नाही, माळ्यावर बिघडते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सगळं बांधून टाकण्याची घाई असते आणि तिथेच घोळ होतो. तेव्हा हवेत ओल असते. लाकूड, कापड, कामट्या तशाच पिशवीत गेल्या की बुरशी धरणारच. म्हणून गणपतीनंतर सामान नुसतं पुसून खोलीत उघडं ठेवा. ऑक्टोबरचं ऊन पडलं की दिवाळीच्या साफसफाईत सगळं वाळवा आणि मगच बांधा. जरीचं कापड कडक उन्हात नको, सावलीत वाळवायचं.

जरी आणि रेशीम पांढऱ्या सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नाही. आत वेखंडाचा तुकडा ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदला, म्हणजे एकाच रेषेवर चीर जात नाही. पितळ चिंचेने घासा, पण नंतर भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करा. चिंचेचा अंश राहिला तर हिरवट डाग उठतात. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्यावर गुंडाळून टोकं खाचेत अडकवा. लाकडी भाग भिंतीला टेकवू नका, वाळवी भिंतीतूनच येते.

शेवटी मखर उभं असतानाचा एक फोटो छापून खोक्याच्या झाकणावर आतून चिकटवा आणि खाली लिहा: मूर्तीची उंची, पडद्याची लांबी, किती चिमटे लागले, काय संपलं. पुढच्या वर्षीची खरेदीची यादी त्यातूनच तयार होते.