उलव्याच्या लेबर कॅम्पवर शिकवायला येताय?

बांधकाम मजुरांच्या मुलांना शिकवायला नवी मुंबईत येणारे बरेच जण माझ्यासारखेच बाहेरगावचे असतात. डी.एड. किंवा एमएसडब्ल्यू झालेलं असतं, संस्थेचं पत्र हातात असतं आणि राहायची सोय काहीच नसते. त्यामुळे आधी तेच सांगते. कोपरखैरणे-घणसोलीकडे मुलींना कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने, जागा मिळते. डिपॉझिट देण्याआधी पाण्याची वेळ आणि स्वयंपाक चालतो का, हे विचारून घ्या. तिथून ट्रान्स हार्बरने नेरूळ आणि पुढे उरणच्या गाडीने बामणडोंगरी किंवा खारकोपर, ही उलव्याची स्टेशनं. उरण मार्गावर गाड्या कमी आहेत, एक चुकली की वर्ग उशिरा सुरू झालाच म्हणून समजा. वेळापत्रक तोंडपाठ करा.

आता कामाचं. अटल सेतू आणि विमानतळामुळे उलव्यात टॉवरवर टॉवर उभे राहताहेत. मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहतात. कुणी मराठवाड्यातलं, कुणी कर्नाटकातलं, कुणी बिहार-झारखंडचं. ही माणसं टिकून राहत नाहीत, कारण कामच तसं आहे. स्लॅब संपले की सेंटरिंगवाले जातात, मग प्लास्टरवाले येतात, मग लादीवाले. मुकादमाने दुसरी साइट धरली की कुटुंबच्या कुटुंब एका रात्रीत सामान बांधतं. काल पाढे म्हणणारं मूल आज वर्गात नसतं, आणि त्याच्या जागी कालपर्यंत तुम्ही न पाहिलेलं दुसरंच बसलेलं असतं.

म्हणून माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं: वर्षाचं नियोजन वहीत असू द्या, पण धडा त्याच दिवशी पुरा झाला पाहिजे. ‘उरलेलं उद्या’ हे या वर्गात चालत नाही. गोष्ट घेतली तर शेवटापर्यंत सांगायची. नवीन अक्षर दिलं तर त्यापासून निदान दोन शब्द मुलाने स्वतः वाचूनच घरी जायचं.

इयत्तेवरून गट पाडू नका. बारा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नसते आणि त्याची आठ वर्षांची बहीण परिच्छेद वाचते, असं सर्रास दिसतं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी पायरी तपासा. पाच मिनिटांत मूल कुठे आहे ते कळतं. मोठ्या मुलाची तपासणी मात्र त्याला एकट्याला घेऊन करा, लहानांसमोर नको. तो दुसऱ्या दिवशी येतो की नाही, हे त्यावर ठरतं.

या मुलांना गणित येत नाही, असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. आमच्याकडची एक मुलगी कॅम्पच्या टपरीवरून सामान आणायची. पन्नासची नोट, सत्तावीसचं सामान, तेवीस परत; दुकानदाराने रुपया कमी दिला तर भांडून घ्यायची. तीच वजाबाकी पाटीवर मांडली की उत्तर सदतीस. शून्यातून सात जात नाहीत, मग ती सातातून शून्य काढायची. मग पाटी बाजूला ठेवली. खेळातल्या नोटा काढल्या, दहाची एक मोडून सुटे घ्यायला लावले आणि प्रत्येक वेळी ते तिनेच लिहायचं. हातचा घेणं म्हणजे नोट मोडणं, हे तिला उमगलं तेव्हा तिने बाकीच्यांनाही ते शिकवायला घेतलं. मुलांकडे जे आधीच आहे, तिथून सुरुवात करा.

मोठ्या मुली कडेवर भावंडं घेऊन येतात. ‘बाळाला ठेवून ये’ म्हणालात तर मुलगी पण येणार नाही. कोपऱ्यात चादर अंथरा, डबे-झाकणं द्या. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर ही खरं तर मालकाची जबाबदारी आहे. पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील तर 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यात तशी तरतूदच होती; 2025 मध्ये त्याच्या जागी लागू झालेल्या कामगार संहितेतही पाळणाघराची तरतूद आहे. साइटवरच्या इंजिनिअरशी बोलताना हे शांतपणे पण ठामपणे सांगा.

शाळाप्रवेशाचं काम अंगावर घ्याच. उलवे नवी मुंबईत मोडत असलं तरी महापालिकेत येत नाही. इथल्या सरकारी शाळा रायगड जिल्हा परिषदेच्या, आणि अडलं तर जायचं पनवेलच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून सहा ते चौदा वयाच्या मुलाला परत पाठवता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश वयानुसार वर्गात द्यायचा असतो. मूल निघतंय असा सुगावा लागला की शाळेकडून शिक्षण हमी कार्ड, म्हणजे नव्या ठिकाणच्या शाळेत दाखवायचं कार्ड, मागा आणि आईच्या हातात द्या. सुगावा लागतो तो खर्चीच्या, म्हणजे मजुरांना पैसे वाटतात त्या दिवशी. मुकादमाने हिशेब पुरा केला, उधारी फेडायची घाई सुरू झाली, की समजा निघायची तयारी आहे. म्हणून त्या संध्याकाळी कॅम्पवर एक फेरी माराच.

एक गोष्ट नीट ऐका. एखादं मूल मारहाणीचं किंवा अंगाशी कुणी केलेल्या चाळ्यांचं सांगू लागलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. खोदून प्रश्न विचारू नका, त्याचे शब्द तसेच लिहून ठेवा आणि त्याच दिवशी संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीला सांगा. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर मुलांनाही पाठ करून द्या. त्यांचे फोटो स्वतःच्या स्टेटसला टाकू नका.

पावसाळ्यात कॅम्पवर गुडघाभर चिखल असतो, गमबूट घ्या. आणि रुजू होण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा: पगार वेळेवर होतो का, साइट बंद झाली तर तुम्हाला कुठे पाठवणार, आणि कठीण प्रसंगी रात्री फोन उचलणारं वरिष्ठ माणूस कोण. तिसऱ्याचं उत्तर नाव आणि नंबरासकट मिळालं नाही तर दुसरी संस्था बघा. नवी मुंबईत या कामाला माणसं कमीच पडतात.