बूट घ्यायला संध्याकाळीच जा
टीव्हीवर दिवसातून दहादा दिसणारे रनिंग शूज मी एकदा हौसेने घेतले. बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानातल्या लाल मातीत महिनाभर पळालो, एकदा पावसात भिजलो, आणि उजव्या बुटाचा सोल पुढून जिभेसारखा लोंबायला लागला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं ते वेगळंच.

आता खडेबाजारात बूट बघायला संध्याकाळीच जातो. दिवसभरात पाय थोडा फुगतो. सकाळी नेमका बसलेला बूट पळताना आवळतो. मोजे घरचेच न्यायचे. उभं राहून बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरते का बघा. मग बूट दोन्ही टोकांना धरून वाकवा. पायाची बोटं दुमडतात तिथंच वाकला पाहिजे. मधोमध घडी पडली तर ठेवून द्या. दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे.