मखमली मुंग्यांचे निशाचर नर कसे ओळखावेत
अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात रात्री दिव्यावर येणारे मखमली मुंग्यांचे पंखधारी नर (या मुंग्या नव्हेत, गांधीलमाशांच्या नात्यातले कीटक आहेत) बहुतेक तपकिरीच असतात, म्हणून रंगावर विसंबू नये. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम जबड्याच्या खालच्या कडेची खाच किती खोल आहे ते पाहावे. मग कीटक उलटा करून मधल्या पायांच्या मुळांपुढे वक्षाच्या तळाशी उंचवटे आहेत का ते तपासावे. ओडोन्टोफोटोप्सिस या प्रजातीच्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या) बहुतेक नरांत ते असतात, स्फेरोप्थाल्मा या प्रजातीच्या बहुतेकांत नसतात. अगदी जवळच्या जातींत मात्र एवढ्याने भागत नाही. तिथे वाळलेला नमुना दमट डबीत मऊ करून जननेंद्रिये बारीक सुईने हलकेच बाहेर काढावीत आणि त्यांतल्या कस्पिस या आतल्या भागाची लांबी शेजारच्या पॅरामिअरशी (बाहेरच्या बाजूच्या भागाशी) ताडून पाहावी.