भयकादंबरी स्वतः काढणाऱ्यांसाठी: भीती, फाईल आणि ९० दिवसांची अट

पहिली भयकादंबरी लिहून झाली आहे, दोनदा वाचून झाली आहे आणि आता केडीपीवर (अॅमेझॉनची पुस्तक स्वतः प्रकाशित करण्याची सेवा) ‘प्रकाशित करा’ या बटणाभोवती बोट घुटमळतंय, अशांसाठी हे आहे. बटण दाबू नका. निदान सहा आठवडे तरी नाही. खातं कसं उघडायचं, फाईल कशी चढवायची हे तुम्हाला येतंच. माणूस खरोखर फसतो त्या जागा तेवढ्या सांगते.

आधी मजकूर. पहिल्या खर्ड्यात एक दोष जवळजवळ हमखास असतो: भयानक आणि बीभत्स यांची सरमिसळ. नाट्यशास्त्राने हे दोन रस वेगळे धरले आहेत. भयानकाचा स्थायीभाव, म्हणजे मुळातली भावना, भय, बीभत्साचा जुगुप्सा, म्हणजे किळस. परीक्षेपुरता पाठ केलेला हा भेद भयकथा लिहिताना रोज लागतो. बंद दाराखालून सरकणारी सावली हे भय. दार उघडल्यावर दिसणारं सडलेलं तोंड ही जुगुप्सा. भय पानोपानी ताणता येतं. जुगुप्सा दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच बोथट होते, आणि एकदा वाचकाचं मन निबर झालं की रक्ताचे पाट वाहवले तरी तो नुसती पानं उलटतो. खर्डा कागदावर छापून घ्या. काहीतरी येणार असं वाटतं तिथे पिवळी रेघ मारा, ते प्रत्यक्ष दिसतं तिथे लाल. पहिल्या तृतीयांशात लाल रेघा जास्त निघाल्या तर बांधणी उलटी झाली आहे. सगळं नव्याने लिहावं लागेल असं मात्र नाही. बरेचदा दोन-तीन प्रसंगांच्या जागा बदलून भागतं.

दुसरा दोष उलगड्याच्या प्रकरणाचा. शेवटाकडे कुणीतरी वयस्क माणूस येतो किंवा जुनी वही सापडते आणि बारा पानं पूर्वेतिहास ओतला जातो. भीती तिथेच मरते. त्या प्रकरणातली माहिती एकेक करून कागदावर उतरवा. मुख्य पात्राला पुढचं पाऊल टाकण्यासाठी जी लागते तेवढीच ठेवा. सहसा तीन-चार गोष्टी उरतात. बाकीच्या आधीच्या प्रकरणांत वस्तूंना चिकटवा: भिंतीवरचा फिकट चौकोन, कुणीच न वापरणारा जिना, मुलांच्या खेळातला एक विचित्र नियम. तुमच्यासाठी मात्र एक पान वेगळं हवंच. कथेतली शक्ती काय करू शकते, काय करू शकत नाही, कधी दिसते, कशाला अडते. हे पान वाचकाला कधीच दाखवायचं नाही आणि लिहिताना कधीच मोडायचं नाही. ‘ही माणसं तिथून निघून का जात नाहीत’ आणि ‘फोन का करत नाहीत’ या दोन प्रश्नांची उत्तरं पहिल्या चतुर्थांशात द्या. उशिरा दिलं तर उत्तर सबब वाटतं.

लांबीबद्दल माझं मत ठाम आहे. पहिलं पुस्तक ३० ते ४० हजार शब्दांचं असावं. पूर्ण लांबीची कादंबरी साधारण ६० ते ९० हजारांपर्यंत जाते, पण तेवढा काळ दबाव टिकवणं हे वेगळंच कसब आहे. ते पहिल्या खेपेला जमत नाही म्हणून खचणारे लेखक खूप आहेत आणि त्यांचं खचणं अनाठायी आहे.

भयलेखकाचे छंद इतरांना विचित्र वाटतात, पण त्यांच्यावरच पुस्तक उभं राहतं. मरणोत्तर ताठरपणा साधारण दोन ते सहा तासांत सुरू होतो, आधी पापण्या आणि जबडा, मग हातपाय. बारा तासांच्या सुमारास पूर्ण होतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ओसरतो. थंडीत हे लांबतं, उष्णतेत लवकर आटोपतं. तेव्हा अर्ध्या तासापूर्वी मेलेला माणूस लाकडासारखा ताठ दाखवू नका. झोपेतून जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर दाब येतो आणि खोलीत कुणीतरी उभं आहे असं वाटतं, या अनुभवाचं कारणही समजून घ्या: स्वप्नांच्या झोपेत शरीर स्नायू सैल करून ठेवतं आणि ती अवस्था जागेपणी क्षणभर रेंगाळते. ती सहसा काही सेकंद ते एक-दोन मिनिटं टिकते; तीन पानांचा प्रसंग तिच्यावर बेतलात तर ज्याला तो अनुभव आहे तो वाचक गेला. आणि चंद्र! पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास, शुद्ध अष्टमीचा त्याच वेळी मावळतो. संध्याकाळी पूर्वेला कोर उगवलेली कितीतरी खर्ड्यांत असते. कथेतल्या प्रत्येक रात्रीसमोर तिथी लिहा, दहा मिनिटांचं काम आहे.

बीटा वाचक, म्हणजे प्रकाशनाआधी खर्डा वाचून देणारे, पाच ते सात पुरेत, पण त्यातले निदान तीन नियमित भयकथा वाचणारे हवेत. ‘कशी वाटली’ हे विचारू नका, ‘छान’ एवढंच उत्तर येतं. तीन प्रश्न द्या: कुठे वाचायचं थांबलात, पुढचं कुठे आधीच कळलं, आणि कुठे पाठीमागे वळून पाहावंसं वाटलं. तिसऱ्याला एकही उत्तर आलं नाही तर पुस्तक अजून तयार नाही. वाईट वाटेल. वाटू द्या, पण खर्डा टाकू नका. संपादनाच्या तीन फेऱ्या वेगवेगळ्या ठेवा: आधी बांधणी, मग वाक्यं, शेवटी मुद्रितशोधन. शेवटच्या फेरीत संगणकाला मजकूर मोठ्याने वाचायला लावा. डोळा सोडतो ती चूक कान पकडतो.

मुखपृष्ठ अंगठ्याच्या नखाएवढं करून बघा. नाव वाचता येत नसेल तर बाकी सगळं व्यर्थ. एकच वस्तू, एकच प्रकाश, पाठीमागे मोकळी जागा. ई-बुकसाठी २५६० बाय १६०० पिक्सेल, उंची जास्त. चित्र आणि अक्षरमुद्रा (फॉन्ट) या दोन्हींचा व्यावसायिक वापराचा परवाना स्वतःकडे जपून ठेवा आणि चित्रकाराकडून मूळ फाईल ठरवून घ्या. पुढे नावातली एक मात्रा बदलायची झाली तरी तीच लागते.

छापील प्रत काढणार असाल तर स्पाईनचं (पुस्तकाच्या कण्याच्या जाडीचं) गणित शेवटी करा, आधी नाही. अॅमेझॉनच्या छपाईत क्रीम कागदासाठी दर पानाला ०.००२५ इंच धरतात. २८० पानांना स्पाईन ०.७० इंच, ३१२ पानांना ०.७८. शिवाय ३०० पानं ओलांडली की आतला समास अर्ध्या इंचावरून ०.६२५ करावा लागतो, त्याने ओळी आखूड होतात आणि पानं आणखी वाढतात. म्हणून आधी समास, मग अंतिम पानसंख्या, मग मुखपृष्ठाची पूर्ण फाईल. बाहेरच्या प्रत्येक कडेला ०.१२५ इंच ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापून जाणारा जादा भाग. प्रूफ प्रत (तपासणीसाठी छापलेली नमुना प्रत) हातात घेतल्याशिवाय मंजुरी देऊ नका. भयकादंबरीची मुखपृष्ठं गडद असतात आणि पडद्यावर दिसणारे काळ्यातले बारकावे कागदावर बुजतात.

आता ती अट. हिच्यावर जास्त बोलणार आहे, कारण हिचा चटका अजून गेलेला नाही.

किंडलवर ई-बुक चढवताना केडीपी सिलेक्ट या ९० दिवसांच्या योजनेची चौकट समोर येते. खूण केली की पुस्तक किंडल अनलिमिटेडमध्ये (वर्गणी भरून पुस्तकं वाचायची सोय) जातं, वाचलेल्या पानांमागे पैसे मिळतात, ९० दिवसांत पाच दिवस ते मोफत ठेवता येतं. शिवाय ठरावीक किंमत-पट्ट्यात मिळणारी ७० टक्के रॉयल्टी भारत, जपान, ब्राझील आणि मेक्सिकोतल्या विक्रीवर हवी असेल तर सिलेक्टमध्ये असावं लागतं, नाहीतर ३५. त्यामुळे नवखा लेखक विचार न करता खूण करतो. बदल्यात त्याने लिहून दिलेलं असतं की या ९० दिवसांत पुस्तकाचं डिजिटल रूप दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. विकत नाही, फुकट नाही, स्वतःच्या संकेतस्थळावर नाही, वाचकांना भेट म्हणून पाठवलेल्या पीडीएफमध्येही नाही.

भयकथा लिहिणारे इथे इतरांपेक्षा जास्त अडकतात. आपल्या कादंबऱ्या बहुधा क्रमशः जन्मतात. एका रात्रीत लिहिलेली कथा कुठेतरी टाकली जाते, लोक पुढचा भाग मागतात, भाग वाढत जातात आणि त्यांचीच कादंबरी होते. ती चढवताना जुने भाग तिथेच राहिलेले असतात. नमुना म्हणून दहा टक्क्यांपर्यंत मजकूर बाहेर चालतो. ४० हजार शब्दांच्या पुस्तकात तो चार हजार शब्द झाला. आठ भाग झाले की ही मर्यादा कधीच ओलांडलेली असते. ‘तो पहिला खर्डा होता, पात्रांची नावं वेगळी होती’ या समजावर विसंबू नका. मजकूर बहुतांशी तोच असेल तर पुस्तक तेच. तुम्ही न टाकलेली, कुणीतरी उचलून दुसरीकडे चिकटवलेली प्रतही तुमच्याच दारात प्रश्न आणते.

आणखी तीन समज मोडून काढा. पुस्तक विक्रीतून मागे घेतलं म्हणजे अट सुटते असं नाही. मुदत संपेपर्यंत ती लागूच राहते. मुदत संपली की अट आपोआप संपते असंही नाही, कारण नूतनीकरण आपोआप होतं. ती खूण तुम्हाला स्वतः काढावी लागते आणि काढली तरी चालू मुदत पूर्ण करावी लागते. तिसरा समज उलट बाजूचा आहे, उगाच घाबरवणारा: छापील प्रत आणि ध्वनिपुस्तक या अटीत येत नाहीत, ते कुठेही विका.

तेव्हा क्रम असा ठेवा. पूर्वी जिथे-जिथे भाग टाकले त्यांची यादी करा. ते काढा, किंवा दहा टक्क्यांच्या आत आणा. वितरकामार्फत इतर दुकानांत ई-बुक गेलं असेल तर तिथून काढायला सांगा, आणि प्रत्येक दुकानाच्या पानावर जाऊन ते गेल्याची खात्री करा. वितरकाच्या यादीतून गेलं तरी एखाद्या दुकानात ते कितीतरी दिवस दिसत राहतं. मग पुस्तकाच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटाजवळचं एकेक वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. तिन्ही शोध रिकामे आले की मगच खूण. त्याच दिवशी दिनदर्शिकेत ८०वा दिवस नोंदवा आणि त्या दिवशी नूतनीकरण हवं की नको ते ठरवा.

खूण आधीच केली आहे आणि जुने भाग आत्ता आठवले? हातपाय गाळू नका. आजच्या आज ते काढा, काढल्याच्या तारखा आणि पानांची चित्रं जपा, सूचना आली तर मुदतीत नेमकं उत्तर द्या. घाबरून पुस्तक उडवून दुसऱ्या नावाने चढवणं एवढं करू नका, त्याने खातंच धोक्यात येतं. सिलेक्ट घ्यावं का? अनोळखी लेखकाने एक मुदत घेऊन पाहावी. पण क्रमशः भागांमुळे वाचक आधीच जमले असतील तर घेऊ नका. ज्यांनी तुम्हाला वाढवलं त्यांच्यासमोरून भाग उचलून नेणं मला पटत नाही.

मार्गदर्शकांबद्दल थोडक्यात. पुस्तक काढून देण्यासाठी लेखकाकडूनच गठ्ठ्याने पैसे घेणारा प्रकाशक हा प्रकाशक नसतो. संपादकाला किंवा चित्रकाराला कामाप्रमाणे, लेखी ठरवून पैसे देणं वेगळं. ते जरूर द्या. खपाचे मंत्र शिकवणाऱ्याची स्वतःची कथा-कादंबरी आधी वाचायला मागा. विकत घेतलेली किंवा अदलाबदलीची परीक्षणं नकोत, घरच्यांचीही नकोत. ती काढली जातात आणि खात्यावर डाग राहतो.

खरी परीक्षणं सावकाश येतात. ‘भीती वाटली नाही’ असं एकाने लिहिलं तर सोडून द्या, भीती प्रत्येकाची निराळी. तीन अनोळखी वाचकांनी एकाच प्रकरणाचं नाव घेतलं तर मात्र ते प्रकरण उघडा. ई-बुकची फाईल बदलता येते आणि परीक्षणं जागच्या जागी राहतात, फक्त आधी घेतलेल्यांकडे नवी प्रत आपोआप जाईलच असं नाही. छापील प्रतीत आतला मजकूर सुधारता येतो, पण आयएसबीएनला (पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाला) बांधलेलं शीर्षक आणि लेखकाचं नाव बदलत नाही. म्हणून प्रूफ प्रत आली की सगळ्यात आधी मुखपृष्ठावरचं, स्पाईनवरचं आणि शीर्षकपानावरचं नाव अक्षर-अक्षर जुळवून पाहा.