लॅकरला तडे गेले म्हणून डब्यात प्लास्टिसायझर ओतू नका : पॉलिशमधल्या या चुका टाळा

कोकणात फर्निचर पॉलिशचा हंगाम येतो तो नेमका चुकीच्या वेळी. चतुर्थीला चाकरमानी यायच्या आत चौरंग, देव्हारा, ओटीवरचा झोपाळा चकाचक हवा, म्हणजे हात लागतो तो आषाढ-श्रावणात. मग दिवाळीनंतर तक्रारी सुरू होतात. कुणाच्या चौरंगाला तडे, कुणाचा झोपाळा चिकट, कुणाचं दार पांढरट. तिन्हींवर आपल्याकडे ठरलेला एकच सल्ला मिळतो, ‘पुढच्या वेळी लॅकरमध्ये थोडा प्लास्टिसायझर मार’. प्लास्टिसायझर म्हणजे थर मऊ, लवचिक करणारा पदार्थ. पांढरटपणावर त्याचा काही उपयोग नाही, चिकटपणा त्याने वाढतो, आणि तड्यांवर तो लागू पडतो तोही क्वचितच.

आधी तो करतो काय ते पाहू. फर्निचरवर मारतात त्या एनसी लॅकरचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, म्हणूनच नाव एनसी. थिनर उडून गेल्यावर नुसत्या नायट्रोसेल्युलोजचा थर ठिसूळ राहतो. प्लास्टिसायझर थिनरबरोबर उडत नाही, नायट्रोसेल्युलोजच्या लांब रेणूंच्या मध्ये बसून राहतो आणि त्यांना एकमेकांवरून सरकू देतो. त्यामुळे लाकूड फुगलं-आकसलं तरी थर त्याच्याबरोबर हलतो. या कामाचा पहिला मोठा मानकरी कापूर. अमेरिकेत हायट बंधूंनी 1870 मध्ये सेल्युलॉइड या सुरुवातीच्या प्लास्टिकचं पेटंट घेतलं त्यात तोच होता. पण उघडा ठेवलेला कापूर हळूहळू उडतो हे देवघर असलेल्या कुणालाही सांगायला नको. म्हणून लॅकरवाले पुढे डीबीपी आणि डीओपी ही थॅलेट गटातली रसायनं, एरंडेल, आणि तेलापासून बनवलेला राळेसारखा अल्कीड रेझिन यांच्याकडे वळले. डीबीपीही वर्षानुवर्षं थोडा थोडा उडतोच, डीओपी त्यापेक्षा बराच टिकतो.

तडा न बघता औषध देणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. तडा लाकडाच्या रेषांबरोबर उभा गेला असेल, तर दोष बहुतेक वेळा लाकडाचा असतो. पावसाळ्यात 85 टक्के दमट हवेत पडून राहिलेल्या फळीत साधारण 17-18 टक्के पाणी मुरतं. तीच फळी पुण्यातल्या एसी खोलीत गेली की 8-9 टक्क्यांवर उतरते. फणस असो वा सागवान, इतकं आकसल्यावर लॅकर कितीही लवचिक असलं तरी सांध्यात फाटणारच. शंभर-दोनशे रुपयांचं प्लास्टिसायझर आणण्यापेक्षा मॉइश्चर मीटर घ्या आणि फळी 12 टक्क्यांच्या आत आल्याशिवाय सीलर, म्हणजे लॅकरखालचा पहिला थर, लावू नका.

रेषांना आडव्या, केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर मात्र थराकडे बघा. ब्लेडने एका कोपऱ्यात हलकं खरवडा. कीस वळत वळत निघाला तर थरात लवचिकपणा आहे. पिठासारखा भुगा पडला तर तो ठिसूळ झालाय. इथेही लगेच बाटली उघडायची नाही. आधी थर किती जाड आहे ते विचारा. ‘आरशासारखं हवं’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी सहा-सात जाड कोट मारले जातात, आणि एनसी जितकं जाड तितकं तडकायला सोपं. सीलरचंही तेच. घासायला सोपा जावा म्हणून त्यात स्टिअरेट नावाची साबणासारखी भुकटी असते, तो मुळात कच्चा थर. तो भरभरून मारून वर कडक टॉपकोट मारला तर तडा येणं ठरलेलंच.

मापाशिवाय ओतणं

तयार लॅकरमध्ये प्लास्टिसायझर आधीच असतो, साधारणपणे सुक्या नायट्रोसेल्युलोजच्या 20 ते 40 टक्के. समजा एक किलो डब्यात सुकं नायट्रोसेल्युलोज 100 ग्रॅम आणि प्लास्टिसायझर 30 ग्रॅम आहे, बाकी रेझिन आणि थिनर. त्यात कुणी ‘थोडासा’ म्हणून चहाचा अर्धा कप, म्हणजे 50 ग्रॅम डीबीपी ओतला, की 30 चा 80 होतो. थर सुकतो, पण घट्ट होत नाही. आठवड्यानेही नखाचा ठसा उमटतो, धूळ बसते, गणपतीच्या पाटावर कापड अंथरलं तर विणकाम छापून निघतं. यावर उपाय एकच, सगळं खरवडून काढणं. वरून कडक पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारून झाकायला गेलात तर मऊ थरावरचा कडक थर पुन्हा तडकेल.

एरंडेल हा तर घरगुती आवडता उपाय. ते नायट्रोसेल्युलोजला विरघळवत नाही, म्हणून कारखान्यात ते दुसऱ्या प्लास्टिसायझरच्या जोडीने, मोजूनच टाकतात. जास्त झालं की पृष्ठभागावर घाम आल्यासारखं बाहेर येतं. आणि खोबरेल? नारळतेलापासून केलेला अल्कीड रेझिन लॅकरला छान लवचिकपणा देतो हे खरं, पण तिथे तेल रासायनिक क्रियेने रेझिनमध्ये बांधलेलं असतं. वाटीतलं खोबरेल तसं वागत नाही, मोकळंच राहतं.

पीयू आणि मेलामाइन या हार्डनर मिसळून कडक होणाऱ्या पॉलिशमध्ये तर असलं काहीच टाकू नका. तिथला ठिसूळपणा बहुधा हार्डनर जास्त पडल्याचा. ‘पाऊस आहे, लवकर सुकू दे’ म्हणून मेलामाइनमध्ये आम्लाचा हार्डनर दामटला की दोन-चार महिन्यांनी तडे. डब्यावर लिहिलेलं प्रमाण वजनकाट्यावर मोजा, डोळ्याने नको.

पांढरटपणा वेगळाच आजार

थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं, थर दुधी होतो. त्याला हवा रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा थिनर. पावसाची झड लागली असेल तर त्या दिवशी स्प्रे गन हातात न घेणं उत्तम. दुधी झालेल्या थरावर रिटार्डरचा हलका फवारा मारला तर बऱ्याचदा तो साफ होतो.

वरून येणारा प्लास्टिसायझर

याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नवीन टेबल खराब होऊ नये म्हणून त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरायची आपली जुनी सवय. ते मऊ प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, आणि त्याचा मऊपणा प्लास्टिसायझरमुळेच. दाबाने, उन्हाळ्याच्या उष्णतेने तो खालच्या एनसी लॅकरमध्ये उतरतो. मे महिन्यात प्लास्टिक उचलायला गेलं की चर्र आवाज करत लॅकर सोबत येतं, आणि शिव्या मात्र पॉलिशवाल्याला बसतात. टीव्हीच्या, मिक्सरच्या मऊ पायांखालीही असेच गोल डाग पडतात. जाड सुती कापड किंवा नमद्याचे तुकडे ठेवा. प्लास्टिक हवंच असेल तर टेबलाला एनसीऐवजी पीयू करा. त्याचे रेणू एकमेकांना बांधलेले असल्यामुळे तो बराच जास्त टिकाव धरतो.

पाळणा, पांगुळगाडा, खेळणी यांचं लॅकर घेताना थॅलेटमुक्त आहे का हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. डीबीपी आणि डीओपी दोन्ही थॅलेट आहेत. लहान मुलं लाकूड तोंडात घालतात. युरोपात खेळण्यांत या दोन्हींना 0.1 टक्क्याची मर्यादा आहे, आपल्याकडेही खेळण्यांच्या आयएस 9873 मानकाचा एक भाग थॅलेटवरच आहे. सायट्रेटचे पर्याय मिळतात, थोडे महाग असतात.